दर पंचवीस मिनिटांनी

समुद्रावरून रात्री किनाऱ्याकडे पाहणाऱ्याला उजेड दिसून फारसा उपयोग नसतो. उजेड पुष्कळ असतात. गावातले दिवे, धक्क्यावरचे दिवे, मच्छिमारांच्या होड्यांचे दिवे. त्याला हवं असतं ते नाव. हा दिवा कोणता? म्हणून प्रत्येक दीपगृहाला त्याची ठरलेली लय दिलेली असते. कुणी दहा सेकंदांत दोनदा चमकतं, कुणी पंधरा सेकंदांत तीनदा. नकाशावर प्रत्येकाच्या नावाशेजारी ही लय छापलेली असते. खलाशी घड्याळ लावून मोजतो आणि आपण कुठे आहोत ते ठरवतो. आयर्लंडच्या आग्नेय टोकाला, वेक्सफर्ड परगण्यात, हुक हेड नावाचं एक सपाट, झाडं नसलेलं भूशिर आहे. तिथल्या दीपगृहाची लय अगदी साधी आहे. दर तीन सेकंदांनी एक पांढरा झोत. बस्स.

मी ज्या धंद्यात आहे तिथे याच्याशी मिळतीजुळती एक गोष्ट आहे. आम्ही तिला हार्टबीट म्हणतो. दूरच्या डेटा सेंटरमधला प्रत्येक सर्व्हर दर काही सेकंदांनी 'मी जिवंत आहे' एवढाच एक छोटा संदेश पाठवत राहतो. लागोपाठ काही ठोके चुकले की एक प्रोग्रॅम ठरवतो, काहीतरी बिघडलं, आणि ज्याची पाळी असेल त्याचा फोन वाजतो. हा प्रोग्रॅम आणि त्याच्या भोवतीचे नियम लिहिणं हे गेली चार वर्षं माझं डब्लिनमधलं काम आहे. किती ठोके चुकले की माणसाला उठवायचं, हा प्रश्न वाटतो तितका सोपा नाही. लवकर उठवलं तर आठवड्यात तीनदा उगाच झोपमोड होते आणि चौथ्यांदा माणूस फोन उलटा करून झोपतो. उशिरा उठवलं तर उठून काही करण्यासारखं उरलेलं नसतं.

हुक हेडला मी गेले ती सप्टेंबरमधल्या एका शनिवारी, ऑफिसातल्या मैत्रिणीच्या गाडीतून. डब्लिनहून अडीच-तीन तासांचा रस्ता. मला दीपगृहांची आवड वगैरे काही नव्हती. मी नुकतीच कराडहून तीन आठवडे राहून परत आले होते, शनिवार-रविवार खोलीत बसवत नव्हतं, आणि ती म्हणाली चल.

*

हुकचं दीपगृह जगातल्या सर्वांत जुन्या चालू दीपगृहांपैकी एक आहे. स्पेनमधला रोमन काळातला हर्क्युलिसचा मनोरा त्याहून पुष्कळ जुना, पण हुकचा मनोराही आठशे वर्षांचा आहे आणि मधल्या काळात फारसा न बदलता उभा आहे. पहिल्यांदा पाहताना तो दीपगृहासारखा वाटतच नाही. आपल्या डोळ्यांपुढे दीपगृह म्हणजे बारीक, उंच, वर निमुळतं होत गेलेलं काहीतरी असतं. हे ठेंगणं आणि जाडजूड आहे. खाली एक रुंद गोल बुरूज, त्याच्या डोक्यावर दुसरा अरुंद बुरूज, आणि त्यावर काचेची खोली. पांढऱ्या रंगावर दोन काळे पट्टे. एकूण उंची सुमारे ३५ मीटर. भिंती काही ठिकाणी चार मीटर जाड. कुणा मराठी माणसाला दाखवलं तर तो म्हणेल, हा किल्ल्याचा बुरूज उचलून इथे आणून ठेवलाय. आणि ते फारसं चूकही नाही, कारण बांधणाऱ्यांना किल्लेच बांधता येत होते.

बांधून घेतला तो विल्यम मार्शल या अँग्लो-नॉर्मन सरदाराने, १३व्या शतकाच्या पहिल्या काही दशकांत. इझाबेल द क्लेअर या वारसदार मुलीशी लग्न झाल्यामुळे लेन्स्टरचा मोठा मुलूख त्याच्याकडे आला होता. त्याने आणि इझाबेलने नदीकाठी न्यू रॉस नावाचं बंदर वसवलं. अडचण एकच होती. हे बंदर समुद्रापासून सुमारे ३० किलोमीटर आत. जहाजांना आधी खाडीचं तोंड सापडलं पाहिजे आणि तिथले खडक चुकवता आले पाहिजेत. जहाजं फुटली तर बंदर कशाला? म्हणून हा मनोरा. भूतदया थोडी असेलही, पण मुळात हा धंद्याचा खर्च होता. जकात हवी तर दिवा लावा.

दिवा सांभाळायला मात्र माणसं लागतात, आणि ती तिथे आधीपासून होती. दंतकथा अशी की पाचव्या-सहाव्या शतकात वेल्समधून दुवान नावाचा एक साधू इथे आला, त्याने मठ स्थापला, आणि खडकांवर फुटलेल्या जहाजांमधली प्रेतं पाहून त्याने व त्याच्या शिष्यांनी टोकावर रात्री आगटी पेटती ठेवायला सुरुवात केली. भूशिराला त्याचं नाव पडलं, रिन दुवान, दुवानचं टोक. आता गंमत अशी की आयरिश भाषेत 'दुवान' या शब्दाचा अर्थ मासे पकडायचा गळ असाही होतो. इंग्रजी बोलणारे आले, त्यांनी साधूचं नाव बाजूला ठेवून शब्दाचं भाषांतर केलं, आणि दुवानचं टोक हुक हेड झालं. माणूस गेला, गळ राहिला. नावं बदलण्याच्या गोष्टी आपल्याकडेही कमी नाहीत, पण इतकी नेमकी मी तरी ऐकलेली नव्हती.

मार्शलचा मनोरा उभा राहिल्यावर या मठातल्याच भिक्षूंनी दिवा सांभाळला. ते राहायचेही तिथेच. खालच्या बुरुजात एकावर एक अशा तीन खोल्या आहेत, दगडी कमानींच्या छताच्या. आत चूल, भिंतीतच कोरलेले कोनाडे, भिंतीतच शौचकूप. सगळा संसार भिंतीत. जिनाही भिंतीच्या जाडीतून गोल फिरत वर जातो. ११५ पायऱ्या. वर उघड्यावर आग पेटलेली असायची, तिच्यासाठी लागणारं जळण याच पायऱ्यांनी वाहून न्यायचं. वारा असो, पाऊस असो. त्या पायऱ्या मधोमध झिजल्या आहेत. आमच्यासोबतच्या गाइडने सगळ्यांना उजव्या हाताने दोर धरायला सांगितलं, आणि मी रिकाम्या हातानेही दुसऱ्या मजल्यावर धापा टाकत होते.

१७व्या शतकाच्या मध्यात आयर्लंडमध्ये युद्ध पेटलं, भिक्षू गेले आणि काही वर्षं दिवा विझलेला राहिला. मग राजाच्या सनदेने तो पुन्हा लागला, या वेळी कोळशावर, आणि आगीभोवती काचेची खोली आली. १७९१मध्ये कोळसा जाऊन देवमाशाच्या तेलाचे दिवे आले. १८७१मध्ये गॅस. तो गॅस तिथेच आवारात तयार करायचे, त्या जागेला अजून गॅस यार्ड म्हणतात. १९११मध्ये रॉकेल. १९७२मध्ये वीज. आणि मार्च १९९६मध्ये दीपगृह पूर्ण स्वयंचलित झालं, शेवटचे रखवालदार खाली उतरले. ही यादी गाइड घडाघडा म्हणत होता आणि मी अर्धवट ऐकत होते. इंजिनिअरिंगला असताना 'तंत्रज्ञानाचा विकास' या धड्यात असते तशी यादी. मग तो १९११पाशी थांबला.

रॉकेलच्या दिव्यासोबत त्या साली आणखी एक बदल झाला, तो म्हणाला. तोवर हुकचा दिवा स्थिर होता, आता तो चमकणारा झाला. त्यासाठी घड्याळासारखी यंत्रणा बसवली होती. तिला किल्ली द्यावी लागायची. दर पंचवीस मिनिटांनी. पाळीवरच्या रखवालदाराने, रात्रभर.

मी माझ्या सवयीने लगेच हिशोब केला. हिवाळ्यात इथे रात्र सोळा तासांची. म्हणजे एका रात्रीत जवळपास चाळीस वेळा. साठेक वर्षं, १९७२पर्यंत. म्हणजे कुणीतरी कधीही सलग अर्धा तास झोपलेलं नाही.

*

माझे बाबा वीज मंडळात ऑपरेटर होते. कराडजवळच्या एका सबस्टेशनात. मंडळाच्या नंतर तीन कंपन्या झाल्या, पण आमच्या घरात ते अजून 'मंडळ'च आहे. तीन पाळ्या असायच्या, आणि माझ्या लहानपणीच्या आठवणीत बाबा बहुतेक वेळा झोपलेलेच आहेत, कारण ते रात्रपाळी करून आलेले असायचे आणि आई मला दुपारी अंगणात खेळायला पिटाळायची.

रात्रपाळीत बाबांचं काम काय, हे मला खूप दिवस कळलं नव्हतं. मी एकदा विचारलं तेव्हा ते म्हणाले, "काही होऊ नये म्हणून बसायचं." त्यातलं ठरलेलं काम एकच. दर तासाला उठायचं, पॅनेलपाशी जायचं, प्रत्येक फीडरचा व्होल्टेज आणि करंट बघायचा, ट्रान्सफॉर्मरचं तापमान बघायचं आणि लॉगशीटवर लिहायचं. रात्री बारा, एक, दोन, तीन. निवृत्तीच्या आसपास बहुतेक आकडे कॉम्प्युटरवर आपोआप येऊ लागले. मी तेव्हा कॉलेजात होते आणि मला सगळं येत होतं. मी म्हटलं, "बाबा, मग लिहायचं कशाला? मशिन नोंदवतंय की."

ते म्हणाले, "अगं, आकड्यांसाठी नाही लिहीत. लिहायला उठावं लागतं. उठलं की यार्डात एक चक्कर होते. ट्रान्सफॉर्मरचा आवाज बदललेला असला तर कानाला कळतं. जळल्याचा वास आला तर नाकाला कळतं. मीटरला ते नंतर कळतं." मग हसून म्हणाले, "आणि एकाच पेनाने एकाच दमात सहा तासांचे आकडे लिहिलेले दिसले की साहेबालाही कळतं, गडी झोपला होता."

हुकच्या जिन्यात मला हे सगळं शब्दशः आठवलं. दर पंचवीस मिनिटांची किल्ली यंत्रासाठी होती हे खरंच. पण तिने आपसूक आणखी एक काम केलं. तिने वर एक जागा माणूस ठेवला. आणि जागा माणूस असला की तो नुसती किल्ली देत बसत नाही. तो बाहेर बघतो. धुकं उतरलंय का, लांबवर कुणी मशाल पेटवून मदत मागतंय का, वारा फिरलाय का. धुकं उतरलं की तो तोफेचे बार काढायची तयारी करतो, कारण धुक्यात दिवा दिसत नाही. हे कुठल्याही यंत्राच्या कामाच्या यादीत नव्हतं. ते किल्लीच्या मागून फुकट आलेलं होतं.

वीज आल्यावर किल्लीची गरज संपली. उजेड मंदावला की दिवा आपोआप लागू लागला. त्यानंतर माणूस तिथे कशासाठी आहे, याचं कागदावर लिहिता येईल असं उत्तर उरलं नाही. मग चोवीस वर्षांत माणूसही गेला. मी हा बदल घडवणाऱ्या माणसाच्या जागी असते तर मीही हेच केलं असतं. एकाकी खडकावर माणसांना महिनोन् महिने ठेवणं ही काही सुखाची गोष्ट नव्हती, आणि जहाजांवर आता उपग्रहावरून जागा कळते. २०११च्या जानेवारीत आयर्लंडमधल्या दीपगृहांचे धुक्याचे भोंगेही बंद झाले, याच कारणाने. मला त्याबद्दल हळहळायचं नाही. फक्त एक गोष्ट नीट समजून घ्यायची आहे, कारण गेली तीन वर्षं मी स्वतः तसलंच एक दीपगृह चालवते आहे.

*

तीन वर्षांपूर्वी आई गेली. बाबा कराडच्या घरात एकटे. मी एकुलती एक. डब्लिनला येऊन राहायला ते तयार नाहीत. पहिल्या खेपेला आले होते, सहा आठवडे, आणि चौथ्या आठवड्यापासून त्यांना कृष्णा-कोयनेच्या संगमावरचं पहाटेचं फिरणं आठवू लागलं. त्यात मुलीकडे जाऊन राहायचं नाही, ही त्यांच्या पिढीची एक अढी आहेच. ती ते बोलून दाखवत नाहीत.

मग मी मला जे येतं ते केलं. घरात तीन कॅमेरे बसवले. स्वयंपाकघरात हालचाल टिपणारा सेन्सर. चहाच्या इलेक्ट्रिक किटलीला एक प्लग, जो किटली चालू झाली की कळवतो. हे सगळं जोडणारा एक छोटा प्रोग्रॅम मी दोन रविवार खर्चून लिहिला. बाबांचा दिवस घड्याळासारखा आहे. सव्वासहाच्या सुमाराला चहा. सातपर्यंत चहाही झाला नाही आणि स्वयंपाकघरात हालचालही नाही, तर माझा फोन वाजणार. तिथले सात म्हणजे इथले उन्हाळ्यात अडीच, हिवाळ्यात दीड.

पहिल्या वर्षात तो चार वेळा वाजला. एकदा पहाटे वीज गेली म्हणून. एकदा राउटर बंद पडला म्हणून. एकदा बाबा पुतण्याच्या साखरपुड्याला साताऱ्याला गेले होते आणि मला सांगितलं नव्हतं. एकदा त्यांना वाटलं, आज चहा नको, थोडं पडून राहू. चारही वेळा मी अंधारात बसून रिंग वाजताना ऐकत होते आणि चारही वेळा ते म्हणाले, "काय गं, झोपली नाहीस?" दुसऱ्या वर्षी मला एक दिवस कॅमेऱ्यात नुसती भिंत दिसली. बाहेरच्या खोलीतला कॅमेरा बाबांनी उलटा करून ठेवला होता. फोन केला तर म्हणाले, "बघायचं असेल तर फोन कर, व्हिडिओ लाव. मी काय ट्रान्सफॉर्मर आहे?"

या जूनमध्ये बाबा परसात पडले. आदल्या रात्री पहिला मोठा पाऊस झाला होता. मागच्या दाराच्या पायरीवर शेवाळ धरतं, हे घरातल्या सगळ्यांना माहीत आहे. सहा वाजून वीस मिनिटांनी त्यांनी चहा केला. प्लगने तसं कळवलं. स्वयंपाकघरात हालचाल झाली. सेन्सरने तसं कळवलं. मग कप धुऊन ते तुळशीला पाणी घालायला बाहेर गेले आणि पाय घसरला. घोट्याचं हाड मोडलं. उठता येईना. मोबाइल आत टेबलावर.

डब्लिनमध्ये माझ्या स्क्रीनवर सगळं हिरवं होतं. आणि ते बरोबरच होतं. चहा झाला का? झाला. हालचाल होती का? होती. यंत्रणेला जे विचारलं होतं त्याचं उत्तर तिने चोख दिलं होतं.

बाबांना सापडवलं ते दुधाच्या पिशवीने. गवळी सकाळी पिशवी फाटकाच्या कडीला अडकवून जातो आणि बाबा ती पाच मिनिटांत आत नेतात, कारण मांजर फाडतं. सव्वासातला समोरच्या काकू मुलाला शाळेच्या रिक्षात बसवायला बाहेर आल्या. त्यांना पिशवी लटकलेली दिसली. त्यांनी हाक मारली, उत्तर आलं नाही, त्या फाटक उघडून घराला वळसा घालून मागे गेल्या. साडेसातला त्यांनी मला फोन केला तेव्हा रिक्षा दारात आली होती. माझ्याकडे पहाटेचे तीन वाजले होते. काकूंना कुणी बाबांवर लक्ष ठेवायला सांगितलं नव्हतं. त्या मुलाला सोडायला बाहेर आल्या होत्या. किल्ली द्यायला उठल्या होत्या, आणि उठल्यावर माणूस जे करतो ते त्यांनी केलं.

*

मनोऱ्याच्या वरच्या गॅलरीत वारा इतका होता की बोलणं ऐकू येत नव्हतं. गाइडने पश्चिमेकडे बोट दाखवलं. पलीकडे वॉटरफर्डचा किनारा, आणि त्याच्याही पुढे ट्रॅमोरचा उपसागर. ३० जानेवारी १८१६ला सी हॉर्स नावाचं जहाज वादळात वॉटरफर्डच्या सुरक्षित खाडीत शिरायचा प्रयत्न करत होतं. ते तिथवर पोचू शकलं नाही, वाऱ्याने ट्रॅमोरच्या उपसागरात ढकललं गेलं आणि फुटलं. नेपोलियनच्या युद्धातून परतणारे सैनिक, त्यांच्या बायका, मुलं. ३६३ माणसं गेली. किनाऱ्यावर उभ्या असलेल्या लोकांना जहाज दिसत होतं. नंतर ट्रॅमोरच्या दोन्ही टोकांवर मोठे खांब उभारले गेले, एका बाजूला दोन, दुसऱ्या बाजूला तीन, आणि तिनांतल्या एकावर खलाशाचा धातूचा पुतळा, बोटाने दूर दाखवणारा. ही खाडी ती नव्हे, इकडे येऊ नका, हे दिवसा सांगण्यासाठी.

हुकचा दिवा त्या काळीही लागलेला असायचा. दिवा असणं आणि माणूस वाचणं यांच्यामध्ये पुष्कळ अंतर असतं. दिवा फक्त म्हणतो, मी इथे आहे. त्याला पोचपावती मिळत नाही. कुणी पाहिलं का, कुणाला वळता आलं का, हे त्याला कधीच कळत नाही. माझी घरातली यंत्रणा याच्या नेमकी उलट. तिथे बाबांना नकळत दिवा बनवलेलं आहे आणि मी समुद्रात बसून त्यांचे झोत मोजते आहे.

खाली उतरल्यावर मी गाइडला विचारलं, आता इथे रात्री कुणीच नसतं, मग दिवा बंद पडला तर कळतं कसं? तो म्हणाला, सगळं डन लिअरीतून बघतात.

मी डन लिअरीतच राहते. आयरिश लाइट्स या संस्थेची इमारत तिथे बंदरालगत आहे, आणि रोज सकाळी डार्टच्या स्टेशनकडे जाताना मी तिच्यावरूनच जाते. देशभरच्या किनाऱ्यावरच्या दिव्यांची खबरबात तिथे येते हे मला ठाऊक नव्हतं. म्हणजे माझ्यासारखंच कुणीतरी तिथे पडद्यासमोर बसलेलं असतं. "आणि बिघडलं तर?" मी विचारलं.

"मग अटेंडंट जातो," तो म्हणाला, जणू यात विचारण्यासारखं काय आहे. दीपगृहाच्या जवळपास राहणारा, अर्धवेळ काम करणारा माणूस. तो मधूनमधून येऊन बघून जातो. काचा पुसतो. बॅटऱ्या तपासतो. आयर्लंडमधलं शेवटचं दीपगृह १९९७च्या मार्चमध्ये स्वयंचलित झालं. त्यानंतर कुठेही रखवालदार राहिला नाही, पण दिव्यांना अटेंडंट आहेत. पडद्यासमोरच्या माणसाचा हात शेवटी तिथवर पोचत नाही, हे त्या यंत्रणेने पहिल्यापासून धरून ठेवलेलं आहे.

परतीच्या रस्त्यावर मैत्रीण गाडी चालवत होती आणि मी गप्प होते. आमच्या टीममध्ये सध्या एक काम चालू आहे. दुसऱ्या एका शहरात रात्री पडद्यासमोर बसणारी माणसं आहेत, चौदा जणांची टीम. त्यांच्या कामातलं जे जे नियमांत लिहिता येईल ते आम्ही प्रोग्रॅममध्ये लिहीत आहोत. पुढच्या वर्षी चौदा जण लागणार नाहीत. मी हे काम सोडणार नाही. नियम चांगले लिहिले गेले तर कुणीतरी रात्री झोपेल, आणि झोप ही वाईट गोष्ट नाही. पण सोमवारी मी आमच्या मॅनेजरला एक टिपण पाठवलं. त्या चौदा जणांसोबत आम्ही प्रत्येकी एक आठवडा रात्री बसावं, आणि ते नियमाबाहेर काय काय करतात ते लिहून काढावं. त्यांनी काय केलं हे नोंदींमध्ये सापडतं. त्यांना काय दिसलं हे सापडत नाही. टिपणाला होकार आला. माझा आठवडा नोव्हेंबरमध्ये आहे.

दुसरी गोष्ट अवघड आहे. मला इथे चार वर्षं झाली. आणखी एक वर्ष काढलं तर नागरिकत्वाचा अर्ज करता येतो. कागदपत्रांच्या भाषेत सांगायचं तर आत्ता निघणं म्हणजे शेवटच्या ठोक्याआधी मोजणं सोडून देणं. कंपनीचं पुण्यात ऑफिस आहे. पुणे ते कराड अडीच-तीन तास, म्हणजे डब्लिन ते हुक हेड. हे अंतर रोजचं नाही, पण फोन आल्यावर निघता येईल असं आहे. ऑक्टोबरमध्ये मी बदलीचा अर्ज टाकला. पगार निम्म्याहून कमी होईल. बाबांना हे सांगितलं तेव्हा ते बराच वेळ काही बोलले नाहीत आणि मग म्हणाले, "माझ्यासाठी येऊ नकोस." मी म्हटलं, "बरं." आम्ही दोघांनीही एकमेकांवर विश्वास ठेवला नाही.

अर्जाचं उत्तर अजून आलेलं नाही. तोवर घरात काही बदल केले आहेत. बाहेरच्या खोलीतला आणि माजघरातला कॅमेरा काढला. तिसरा फाटकावर लावला, रस्त्याकडे तोंड करून, आणि त्याचं चित्र माझ्याकडे येत नाही, बाबांच्या टीव्हीवर दिसतं. कोण येतंय ते त्यांना बसल्या जागी कळतं. मागच्या पायरीला गवंड्याकडून खडबडीत फरशी बसवून घेतली आणि बाजूला पाइप धरायला. किटलीचा प्लग ठेवला आहे, बाबांच्या परवानगीने. आणि काकूंचा मुलगा, जो चौथीत आहे, रोज संध्याकाळी गणित घेऊन बाबांकडे येतो. ही कल्पना बाबांची. शिकवणी फुकट आहे, अट एवढीच की खाडा करायचा नाही.

हुकहून आल्यावर मी बाबांना फोटो पाठवले होते. त्यांचा फोन आला. मनोरा आठशे वर्षांचा आहे याचं त्यांना विशेष काही वाटलं नाही. त्यांनी विचारलं, दिवा किती वॉटचा? सप्लाय कुठून येतो? लाइन गेली तर बॅकअप किती तास? मला जेवढं माहीत होतं तेवढं मी सांगितलं. मग पंचवीस मिनिटांच्या किल्लीचं सांगितलं.

"पंचवीस मिनिटं," बाबा म्हणाले. थोडा वेळ फोनवर नुसता त्यांच्या पंख्याचा आवाज येत होता. "आम्हाला तास होता. बरं होतं म्हणायचं आमचं."